ज्वारीची भाकरी: थापायचं नंतर बघू, आधी पीठ बघा

भाकरी जमत नाही म्हणणाऱ्या कुणालाही विचारा नेमकं काय जमत नाही, उत्तर एकच, थापता येत नाही. मीपण हेच म्हणायचो. पुण्यात रूम करून राहायला लागलो तेव्हा पहिल्यांदा स्वतः भाकरी करायला घेतली, दुकानातून ज्वारीच्या पिठाचं पॅकेट आणलं, मोबाईलवर व्हिडिओ लावला आणि परातीत थापायला बसलो तर कडा अशा फाटायला लागल्या की गोल सोडा, कुठल्यातरी जिल्ह्याचा नकाशा झाला. तीन भाकऱ्या तव्यापर्यंत पोचल्याच नाहीत, चौथी पोचली पण तुकड्यात. आईला फोन केला, म्हटलं माझा हात बसत नाहीये. ती म्हणाली, "हाताचं सोड, पीठ कधीचं आहे ते सांग." पॅकेट उलटं करून तारीख बघितली, चार महिन्यांपूर्वीची. "मग मी थापली तरी मोडलीच असती की रे," म्हणाली आणि फोन ठेवला.

तर हे सगळं त्यावर आहे. पीठ बरोबर असेल आणि मळलेलं बरोबर असेल तर थापणं आठ-दहा दिवसात येतं, आणि पीठच गेलेलं असेल तर दहा वर्षांचा हातसुद्धा काही करू शकत नाही.

कारण साधं आहे. गव्हात ग्लूटेन असतं, त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही, पोळी लाटता येते. ज्वारीत ते नाहीच. मग भाकरी धरून कोण ठेवतं, तर पिठातला स्टार्च, तो गरम पाण्यानं फुलतो, चिकट होतो आणि त्याच्या जिवावर आपण थापतो. साधारण ७० अंशाच्या आसपास पाणी गेलं की ज्वारीचा स्टार्च फुलायला लागतो, म्हणून भाकरीला गरम पाणी. ताज्या दळलेल्या पिठात थोडा चिकटपणा मुळातच असतो, तिथं कोमट पाण्यावरही भागतं, गावाकडं बायका साध्या पाण्यात मळून भाकरी करतात ते याच्यामुळं, रोजचं ताजं पीठ असतं त्यांच्याकडं. पीठ जुनं व्हायला लागलं की हा चिकटपणा जातो, त्याला आमच्याकडं पिठाची विरी गेली म्हणतात. विरी गेलेल्या पिठाचा गोळा मऊ दिसतो पण हातात घेतला की वाळूसारखा सुटतो.

पीठ

शक्य असेल तर ज्वारी आणून गिरणीतून दळून आणा. ज्वारी घ्यायची ती रब्बीची, म्हणजे शाळू, त्यातला मालदांडी वाण मिळाला तर डोळे झाकून घ्या. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरतात, काळ्या रानातल्या ओलीवर थंडीत वाढते आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते, दाणा मोत्यासारखा टपोरा आणि भाकरी पांढरी, चवीला जराशी गोड. मंगळवेढ्याच्या मालदांडीला २०१६ साली जीआय टॅगपण, म्हणजे हे त्याच भागाचं खास पीक अशी सरकारी नोंद, मिळालाय, आमच्याकडच्या लोकांना त्याची गरज नव्हती पण मिळालाय ते बरं झालं. खरिपाची हायब्रीड ज्वारी स्वस्त पडते, पण पावसात सापडली तर दाणा काळा पडतो आणि भाकरी काळपट, चव पण जरा बेताचीच. दुकानात दाणे तळहातावर घेऊन बघा, एकसारखे, चमकदार आणि काळे ठिपके नसलेले पाहिजेत. दळायला द्यायच्या आधी निवडून घ्यायला विसरू नका, खडे असतात.

गिरणीत दोन गोष्टी सांगायच्या. एक, बारीक दळा. भरड पिठाची भाकरी थापताना कडा फाटतात आणि खाताना दाताखाली कचकच येते. दुसरी, आधी कुठलं दळण झालंय ते विचारा. गव्हावर दळलं तर थोडा गहू तुमच्या पिठात येतो, तसा काही बिघाड होत नाही, उलट भाकरीला मदतच होते, पण घरात कुणाला ग्लूटेन चालत नसेल तर ज्वारीनंतरच ज्वारी दळून घ्यायची, किंवा मग घरघंटीच बरी. आणि दळण एका वेळी दोन किलोच्या वर आणू नका. दळून आणलेलं पीठ गरम असतं, ते तसंच डब्यात कोंबायचं नाही, परातीत पसरून गार करायचं मग भरायचं. पंधरा दिवस ते छान चालतं, त्यानंतर हळूहळू कुरकुर करायला लागतं. उन्हाळ्यात त्याच्याही आधी.

पॅकेटचंच घ्यायचं असेल तर घ्या, माझा काही विरोध नाही, शहरात सगळ्यांना गिरणी जवळ नसते. फक्त तारीख बघून घ्या आणि लहान पॅकेट घ्या. घरी आल्यावर एक टेस्ट करायची: चमचाभर पिठात उकळतं पाणी घालून मळा आणि देवापुढच्या वातीसारखी जाड वळी करा. ती वाकवली आणि कडेला बारीक चिरा पडल्या तर ठीक, कटकन तुटली तर त्या पिठाची उकड काढावी लागणार. चाखून बघितल्यावर कडू किंवा खवट लागलं तर मात्र उकडबिकड काही नाही, टाकूनच द्यायचं.

मळणं

दोन वाट्या पिठाच्या मध्यम चार भाकऱ्या होतात. पाणी नेमकं किती ते पिठावर आहे पण दोन वाट्यांना साधारण सव्वा वाटी धरा, आणि सगळं एकदम ओतू नका. मीठ कुणी घालतं कुणी नाही, आमच्याकडं चिमूटभर घालतात, तेवढंच.

परातीत पीठ घेऊन मधे आळं करा, त्यात उकळतं पाणी ओता, पाऊण वाटी पुरे सुरुवातीला. हात घालायचा नाही, चमच्यानं नाहीतर उलथन्याच्या मागच्या टोकानं कालवा आणि वर ताट झाकून पाच मिनिटं सोडून द्या. ही पाच मिनिटं लोक खातात. पीठ वाफेत मुरलं पाहिजे ना. मग बाकीचं पाणी कोमट असेल ते शिंपडत शिंपडत मळायला घ्या. पीठ फारच जुनं असेल तर सरळ उकड काढा, पातेल्यात पाणी उकळवायचं, त्यात पीठ टाकून हलवायचं, गॅस बंद करून झाकायचं, कोमट झालं की मळायचं. तांदळाच्या भाकरीला तर उकडच काढतात, कोकणातले लोक हे वाचत असतील तर हसतील की यात सांगण्यासारखं काय आहे.

आता मळण्याचं. कणकेसारखं बोटांनी चुरमडत बसायचं नाही. तळहाताचा मनगटाकडचा भाग असतो ना, त्यानं पीठ पुढं रेटायचं, परातीला घासत, मग गोळा करून परत रेटायचं. अंगाचं वजन त्याच्यावर टाकायचं, म्हणून परात ओट्यावर असेल तर उंची जास्त होते आणि खांदे दुखतात, मी सरळ खाली बसतो, एक पाय परातीच्या कडेला लावून. सगळं पीठ एकदम मळून गोळे करून ठेवायचे नाहीत, हे महत्त्वाचं आहे, पहिली भाकरी होईपर्यंत चौथा गोळा वरून सुकतो आणि मग त्याच्या कडा फाटतात. सगळं पीठ एकदा ढोबळ एकत्र करून ओल्या फडक्याखाली ठेवा आणि एका भाकरीपुरतं काढून ते दोन-तीन मिनिटं जीव लावून मळा. तव्यावर एक भाकरी भाजतेय तोपर्यंत पुढची मळायची, असा ताल बसतो.

झालं कधी समजायचं? गोळा वळा, तळहातात धरून चपटा करा आणि कडेकडे बघा. कड गुळगुळीत राहिली तर थापायला घ्या, चिरा पडल्या तर पाण्याचा हात लावून अजून मळा. गोळा हाताला चिकटत असेल तर पाणी जास्त झालंय, थोडं कोरडं पीठ घ्या. मी सुरुवातीला घट्टच मळायचो कारण चिकटायची भीती वाटायची, आणि भाकरीला सैलसर पीठच लागतं, पोळीच्या कणकेपेक्षा मऊ. बऱ्याच जणांची भाकरी गार झाल्यावर कडक होते ती याच कारणानं.

थापणं

परातीत कोरडं पीठ भुरभुरवा, कंजुषी करू नका, गोळा त्यावर ठेवून वरूनही थोडं लावा. उजव्या हाताच्या बोटांनी आणि तळव्यानं थापायचं, डावा हात कडेला आडवा लावून ठेवायचा म्हणजे कड फाटत नाही आणि गोल राहते. प्रत्येक थापेबरोबर भाकरी थोडी पुढं सरकली पाहिजे. चांगली चालली असेल ना तर ती स्वतःच फिरायला लागते, फिरवावी लागत नाही. फिरायची थांबली की समजायचं खाली पीठ संपलं, लगेच कड उचलून खाली चिमूटभर टाका, जोर लावत बसलात तर तिथंच चिकटून बसेल.

जोर मधे द्यायचा नाही, कडेकडेनं द्यायचा. नवीन माणूस मधेच थापत राहतो, मग मधे कागद आणि कडेला ठोकळा, उचलताना मधे फाटते आणि भाजताना कड कच्ची राहते. सगळीकडं सारखी, पोळीपेक्षा जरा जाड, एवढं बघा. बाजूच्या फ्लॅटमधल्या मावशींनी मला एक युक्ती सांगितली होती, की पहिले काही दिवस तळहाताएवढीच भाकरी कर, लहान भाकरी मोडत नाही आणि हाताला अंदाज येतो, मोठी करायची घाई कशाला. खरंच कामाची आहे ती. अगदीच जमत नसेल तर उकडीच्या पिठाची भाकरी पोळपाटावर हलक्या हातानं लाटताही येते, कोणी पोलिस येत नाही. पण लाटलेल्या भाकरीत ती मजा नाही, हे माझं मत.

उचलायचं असं: परातीची एक बाजू थोडी वर करा, भाकरी घसरत कडेला आली की तिच्याखाली एक हात सपाट सरकवायचा, बोटं पसरून. मग दोन्ही हातांवर घेऊन तव्यावर पालथी टाकायची, म्हणजे परातीकडची पीठ लागलेली बाजू वर आली पाहिजे. हे उलटं झालं तर खालचं कोरडं पीठ तव्यावर जळतं आणि भाकरी कडवट लागते.

भाजणं

तवा लोखंडी किंवा बिडाचा. नॉनस्टिकवर होते, पण तो एवढा तापवायचा नसतो आणि भाकरीला तवा चांगलाच तापलेला लागतो. पाण्याचा शिंतोडा टाकला की चुर्र करून लगेच उडाला पाहिजे. पहिली भाकरी बहुतेक वेळा बिघडते, तवा अजून सगळीकडं सारखा तापलेला नसतो, तिच्यावरून स्वतःला काही ठरवू नका. आमच्याकडं ती करणाऱ्याच्या वाट्याला येते किंवा कुत्र्याच्या.

भाकरी तव्यात पडली रे पडली की वरून पाणी फिरवायचं. पाच-सात सेकंदांत. बोटं पाण्यात बुडवून किंवा छोटं फडकं भिजवून सगळ्या भाकरीवरून हलक्या हातानं, कडेपर्यंत, कोरडं पीठ कुठं दिसायला नको. याच्यानं वरचं पीठ धुवून निघतं आणि वरचा थर ओला राहतो, म्हणून भाकरीला चिरा पडत नाहीत. मग उलटायची वेळ, आणि इथंच चुकतं सगळं. पाणी चकचकतंय तोवर उलटली तर तव्याला चिकटते, पूर्ण सुकून पांढरी झाली तर तडकते. पाण्याची चमक गेली पण बोट लावलं तर ओलसर लागतंय, ती वेळ. अर्धा मिनिट, जरासं इकडंतिकडं. पुढारी लोक भाकरी फिरवायला पाहिजे म्हणतात ते करपण्याच्या भीतीनं, पण लवकर फिरवली तरी वाट लागते हे ते कधी सांगत नाहीत.

उलटल्यावर दुसरी बाजू नीट भाजू द्या, दीड-दोन मिनिटं, गॅस मध्यम, भाकरी तव्यावर थोडी थोडी गोल फिरवत राहा म्हणजे कडाही भाजतात. खाली तांबूस डाग आले की तवा बाजूला करून भाकरी चिमट्यानं थेट आचेवर धरा, तव्यावर आधी टेकलेली बाजू आता जाळाकडं. टम्म फुगते. चूल असेल तर निखाऱ्यापुढं उभी करून लावतात, तिची चव वेगळी, ती गॅसवर येत नाही, नाद सोडायचा. इंडक्शन असेल तर भाकरी तव्यावरच परत उलटी करून कापडाच्या बोळ्यानं कडेकडेनं हलकं दाबा, हवा सरकत जाते आणि फुगते.

नाही फुगली तर? कुठंतरी चीर किंवा भोक आहे, वाफ तिथून निघून गेली. किंवा जाडी सारखी नाही. किंवा तवा गार होता. खायला काही वाईट लागत नाही, फक्त पापुद्रा सुटत नाही, दुसऱ्यांना दाखवायला नाही तेवढंच.

बाजरीची भाकरीपण अशीच, फक्त तिच्या पिठात तेल जास्त असल्यानं ते ज्वारीपेक्षा लवकर खवट होतं, आठ दिवसांपुरतंच दळून आणा. थंडीत करायची. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला वरून तीळ लावून करतात, पाणी फिरवल्यावर तीळ टाकून हलका हात दाबायचा, बस. खानदेशात ज्वारीत उडीद घालून दळतात, कळण्याची भाकरी, उडदामुळं पीठ चिकट होतं म्हणून ती थापायला सोपी जाते, नवशिक्यांनी खरंतर तिच्यापासूनच सुरुवात करावी. नाचणीची मला अजून धड जमत नाही.

वाढणं

तव्यावरनं काढलेली भाकरी ताटात सपाट टाकू नका, खालून वाफ धरते आणि ती बाजू चिकट होते. दुरडीत किंवा चाळणीत, नाहीतर कशाला तरी टेकवून उभी ठेवा मिनिटभर, मग फडक्यात गुंडाळा. डब्यात न्यायची असेल तर पूर्ण गार होऊ द्यायची नाही, कोमट असताना फडक्यात घालून डबा बंद करायचा, दुपारपर्यंत मऊ राहते.

खरं तर भाकरी करणारा आणि खाणारे एका वेळी बसत नाहीत. तव्यावरची थेट ताटात गेली पाहिजे. पापुद्रा वर उचलायचा, त्यात तूप किंवा लोणी सोडायचं, नाहीतर कच्चं तेल आणि मीठ, आणि परत झाकायचा. लहान पोरांना एवढंच दिलं तरी अर्धी भाकरी जाते. पिठलं ताटातच पाहिजे असं काही नाही, शेतात भाकरीच ताट असते, डाव्या हातावर भाकरी, तिच्यावर पिठलं, कडेला ठेचा आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. सुरीनं कापलेला कांदा चालतो पण बुक्कीचा बरा लागतो, का ते विचारू नका. वांग्याचं भरीत, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि वर दही, हे सगळं जमतं. पनीरबिनीर मात्र भाकरीबरोबर मला रुचत नाही, ग्रेव्ही गोडसर असते ती.

पातळ रस्सा असेल तर चुरून खायची. आमटी असो नाहीतर मटणाचा रस्सा, भाकरी आधी बारीक कुस्करायची, वरून गरम रस्सा, दोन मिनिटं मुरू द्यायचं. सोलापूरकडं यासाठी कडक भाकरी करतात, एकदम पातळ थापून मंद आचेवर पापडासारखी होईपर्यंत भाजायची, पाण्याचा अंश राहत नाही म्हणून बरेच दिवस टिकते, प्रवासाला न्यायला एकदम बेस्ट. पाहुण्यांना वाढताना पूर्ण भाकरी एकदम टाकू नका, पहिली अर्धी द्या, मग गरम गरम चतकोर चतकोर वाढत राहा. नको नको म्हणत माणूस दोन खातो.

उरली तर फ्रीजमध्ये ठेवू नका, दगड होते. फडक्यात बाहेरच राहू द्या, सकाळी दुधात नाहीतर ताकात कुस्करून मीठ घालून खा, किंवा कांदा, मिरची, कढीपत्त्याची फोडणी करून चुरा त्यात परता, वरून पाण्याचा हबका मारून झाकण, म्हणजे कोरडी लागत नाही.

आणि शेवटची भाकरी तव्यावर टाकली की लगेच परातीत पाणी ओतून ठेवा. जेवण झाल्यावर बघू म्हणालात तर ते पीठ सिमेंटसारखं धरतं आणि मग रात्री अकरा वाजता उलथन्यानं परात खरवडत बसाल, मी बसलोय.